लंडन : घंटेला तडा, हापशाला दांडा नाही!

लंडन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा काय येतं? लाल दुमजली बस? उंच काळ्या टोप्या घातलेले, पापणीही न हलवणारे राजवाड्याचे पहारेकरी? की नदीकाठचं ते भलंथोरलं घड्याळ? बिस्किटांच्या डब्यांवर आणि कॅलेंडरांवर ही चित्रं इतक्या वेळा छापून आली आहेत, की लंडनला न जाताही ते शहर आपल्या ओळखीचं वाटतं.

पण दोस्तांनो, या शहराची एक गंमत चित्रांत दिसत नाही. लोक हौसेनं जे बघायला जातात, त्यातलं बरंचसं कुठल्या तरी हलगर्जीपणातून नाहीतर संकटातून उभं राहिलेलं आहे. आधी काहीतरी भयंकर बिघडलं, माणसं मेली, एकमेकांवर आरोप झाले आणि मग कुणीतरी दुरुस्तीला हात घातला. म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायची, तसला प्रकार! मात्र यातल्या काही विहिरींचं पाणी आजही शहराला पुरतंय. चला तर, टेम्स नदीच्या काठाकाठानं या दुरुस्त्या बघत फिरू या.

पाववाल्याची भट्टी

सुरुवात एका खांबापासून. लंडन ब्रिजजवळ, जुन्या शहरात, एक दगडी खांब उभा आहे. त्याचं नाव 'द मॉन्युमेंट'. नुसतंच 'स्मारक'! जणू गावात दुसरं स्मारकच नाही. खांबाच्या आत गोल गोल जिना आहे, ३११ पायऱ्यांचा. उंची आहे २०२ फूट. आता २०२ च का? तर हा खांब पूर्वेकडे आडवा पाडला, तर त्याचं टोक पुडिंग लेन नावाच्या गल्लीतल्या एका जागेवर बरोब्बर टेकेल. त्या जागी थॉमस फॅरिनर नावाच्या पाववाल्याची भट्टी होती.

२ सप्टेंबर १६६६. रविवार. मध्यरात्र उलटल्यावर फॅरिनरच्या घराला आग लागली. घरची मंडळी वरच्या खिडकीतून शेजारच्या घरात उतरून वाचली. मोलकरीण मात्र खिडकीतून बाहेर पडायला घाबरली आणि तिथेच राहिली. या आगीचा पहिला बळी तीच. तिचं नाव इतिहासात कुठे पक्कं सापडत नाही.

त्या काळचं लंडन म्हणजे लाकडी घरांची दाटी. वरचे मजले गल्लीवर इतके पुढे आलेले, की समोरासमोरच्या घरांतल्या माणसांनी हात लांब केले तर एकमेकांना टाळी द्यावी. अशा वस्तीत आग थांबवायची तर एकच उपाय होता. आगीच्या वाटेतली घरं आधीच पाडून मोकळी जागा करायची. हा हुकूम देणं नगराध्यक्ष थॉमस ब्लडवर्थच्या हातात होतं. तो आला, त्यानं बघितलं. पण घरं पाडली तर भरपाई कोण देणार, ही त्याला चिंता! 'एवढीशी आग एखादी बाईसुद्धा विझवेल' अशा अर्थाचं काहीतरी बोलून (त्याचं खरं वाक्य मुलांच्या अंकात छापण्याजोगं नाही) तो घरी जाऊन झोपला.

पुढचे चार दिवस वारा सुटलेला होता. १३,२०० घरं आणि ८७ चर्चं जळाली. सॅम्युअल पेप्स नावाच्या सरकारी अधिकाऱ्यानं या आगीची दिवसावार हकिकत आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली आहे. घर सोडून जाताना त्यानं बागेत खड्डा खणून काय पुरलं असेल? सोनंनाणं? छे! वाइनच्या बाटल्या आणि इटलीचं परमेझान चीज.

पण या गोष्टीतला सगळ्यांत काळा भाग पुढेच आहे. शहर जळालं म्हटल्यावर लोकांना कुणीतरी गुन्हेगार हवा होता. रॉबर्ट ह्यूबर्ट नावाच्या एका फ्रेंच घड्याळजीच्या मुलानं 'आग मीच लावली' असं कबूल करून टाकलं. त्याचं बोलणं मिनिटागणिक बदलत होतं. त्याच्या डोक्यावर परिणाम झालेला आहे, हे न्यायाधीशांनाही दिसत होतं. तरी त्याला फाशी झाली. आरोपपत्रावर सह्या करणाऱ्यांत फॅरिनरच्या घरचे लोकही होते. भट्टी नीट विझवली होती की नाही, हा प्रश्न मग कोण विचारतो? नंतर उघड झालं, की आग लागली तेव्हा ह्यूबर्ट लंडनमध्ये नव्हताच. तो आला दोन दिवसांनी!

मॉन्युमेंटच्या पायथ्याच्या लेखात १६८१ मध्ये एक ओळ वाढवण्यात आली. आगीचा दोष कॅथलिक पंथाच्या लोकांवर ढकलणारी. ती खोटी ओळ १८३० मध्ये कायमची खोडून टाकली गेली. आणि १९८६ मध्ये लंडनच्या पाववाल्यांच्या संघानं पुडिंग लेनमध्ये एक पाटी बसवून आग आपल्याच माणसाच्या घरात लागल्याचं मान्य केलं. ३२० वर्षांनी का होईना!

आगीनंतर कायदा झाला, की नवी घरं विटांची किंवा दगडाची बांधायची. आणि जळालेल्या मोठ्या चर्चच्या जागी ख्रिस्तोफर रेन या वास्तुकारानं सेंट पॉल्स कॅथीड्रल उभारलं. मॉन्युमेंटच्या आखणीतही त्याचा हात होता. त्याच्या जोडीला रॉबर्ट हूक होता. स्प्रिंगचा नियम शिकताना विज्ञानाच्या पुस्तकात भेटतो ना, तोच हूक! आग लागली तेव्हा रेन ३३ वर्षांचा होता. १७११ मध्ये कॅथीड्रल पूर्ण झालं तेव्हा तो पुरता म्हातारा झाला होता. या घुमटाच्या आतल्या गोल सज्जात भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलं, तर शंभराहून जास्त फुटांवर समोर उभ्या असलेल्या माणसाला ते ऐकू जातं. विजापूरचा गोलघुमट ज्यांनी बघितलाय, त्यांना यात फारसं नवल वाटायचं नाही. तरी आपला गोलघुमट याच्या आधीचा आहे, हे लंडनकरांना सांगायला हरकत नाही!

याच घुमटावर २९ डिसेंबर १९४० च्या रात्री आग लावणारा जर्मन बॉम्ब अडकला. शिसं वितळू लागलं. सुदैवानं तो सज्जात घसरून पडला आणि तिथे रात्रभर पाळत ठेवून बसलेल्या लोकांनी तो विझवला. आजूबाजूचे रस्तेच्या रस्ते जळत होते आणि धुरातून घुमट तेवढा वर दिसत होता. या वेळी झोपायला कुणी गेलं नव्हतं.

काठ्यांनी संसद जाळली

नदीकाठानं पश्चिमेकडे गेलं की येतं वेस्टमिन्स्टर. इथे संसद आणि ते जगप्रसिद्ध घड्याळ. 'बिग बेन' हे घड्याळाचं नाव नाही बरं का, मनोऱ्याचंही नाही. ते आतल्या मोठ्या घंटेचं नाव! मनोऱ्याला २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात.

ही इमारत दिसते फार पुरातन, पण तशी ती नाही. जुनी संसद जळाली म्हणून ही बांधली. आणि जळाली कशानं? काठ्यांनी! पूर्वी इंग्लंडच्या खजिन्यात पैशांचा हिशेब काठ्यांवर खाचा पाडून ठेवत. आपल्याकडे दुधाच्या रतिबाला भिंतीवर रेघा मारायचे, तसंच. काठी उभी चिरून एक फाक एकाकडे, दुसरी दुसऱ्याकडे. ही पद्धत बंद पडली आणि काठ्यांचे ढीग उरले. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी दोन गाड्या भरून काठ्या संसदेखालच्या भट्ट्यांत कोंबल्या. दुपारी इमारत बघायला आलेल्या पाहुण्यांना बुटांतूनही जमीन तापलेली जाणवत होती, धूर येत होता. त्यांनी तसं सांगितलंही. कुणी मनावर घेतलं नाही. संध्याकाळी आगीचा डोंब उसळला. फरशी चटके देतेय असं पाहुणे सांगतात आणि घरचे 'असेल असेल' म्हणतात, याला काय म्हणावं!

नव्या इमारतीच्या घंटेचं नशीबही असंच. पहिली घंटा तपासणीतच तडकली. दुसरी, १३.७ टनांची, १८५९ च्या उन्हाळ्यात वाजू लागली आणि सप्टेंबरात तिलाही तडा गेला! हातोडा जरुरीपेक्षा जड होता. शेवटी घंटा थोडी फिरवली, हलका हातोडा बसवला आणि काम चालू केलं. आजतागायत तीच तडकलेली घंटा वाजते आहे. तिचा तो जरासा कापरा, घोगरा आवाज आहे ना, तो त्या तड्याचाच. घड्याळ मागे-पुढे होऊ लागलं तर लंबकावर जुनी एक पेनीची नाणी ठेवतात किंवा काढतात. एका नाण्यानं दिवसाला सुमारे ०.४ सेकंदाचा फरक पडतो. एकदा, १९४९ मध्ये, साळुंकीच्या जातीचे पक्षी मोठ्या काट्यावर ओळीनं बसले आणि घड्याळ साडेचार मिनिटं मागे पडलं. त्यावर नाण्यांचा उपाय नव्हता.

खासदारांच्या नाकाला रुमाल

संसदेच्या खिडक्यांतून टेम्स दिसते. आणि १८५८ च्या उन्हाळ्यात ती नुसती दिसत नव्हती! वीस लाखांहून जास्त वस्तीच्या शहराचा सगळा मैला नदीत जात होता आणि त्याच नदीचं पाणी कित्येक लोक पीत होते. त्या वर्षी कडक ऊन पडलं. नदी आटली आणि अशी काही दुर्गंधी सुटली, की संसदेच्या पडद्यांवर ब्लीचिंग पावडरचं पाणी मारावं लागलं. खासदार नाकाला रुमाल लावून पळू लागले. या प्रकाराला इतिहासात 'ग्रेट स्टिंक', म्हणजे महादुर्गंधी, असं रीतसर नाव आहे!

घाण काही त्या वर्षी सुरू झाली नव्हती. त्याआधी पटकीच्या साथींनी लंडनमध्ये हजारो माणसं नेली होती. तेव्हाच्या बहुतेक डॉक्टरांना वाटे, की घाणेरड्या हवेतून, वासातून पटकी होते. डॉक्टर जॉन स्नोला हे पटत नव्हतं. त्याचं म्हणणं, पटकी पाण्यातून येते. १८५४ च्या ऑगस्टच्या शेवटी सोहो भागातल्या ब्रॉड स्ट्रीटवर साथ भडकली. सहाशेच्या वर माणसं दगावली. स्नो दारोदार फिरला. कोण मेलं, ते पाणी कुठून आणत होतं, हे विचारत गेला. मेलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरी ब्रॉड स्ट्रीटवरच्या एकाच हापशाचं पाणी जात होतं. आणि त्याच रस्त्यावरच्या दारू गाळण्याच्या कारखान्यातले कामगार मात्र जवळजवळ सगळे ठणठणीत! कारण त्यांना कारखान्यात बिअर मिळे आणि कारखान्याची विहीर वेगळी होती.

८ सप्टेंबरला स्नोच्या आग्रहावरून त्या हापशाचा दांडा काढून टाकण्यात आला. साथ तोवर ओसरायला लागलीच होती, हे खरं. पण इतक्या नेटानं, घरं मोजून, नकाशावर ठिपके देऊन रोगाचा माग काढण्याची ती रीत जगभरचे डॉक्टर आजही शिकतात. तिथल्याच एका तरुण धर्मगुरूनं, हेन्री व्हाइटहेडनं, स्नोला खोटं पाडायचं म्हणून स्वतः चौकशी केली. आणि झालं उलटंच! विहिरीला लागूनच एक गळका मैलखड्डा होता आणि आजारी बाळाची लंगोटी धुतलेलं पाणी त्यात ओतलं जात होतं, हे त्यालाच सापडलं. तो प्रामाणिकपणे स्नोच्या बाजूला आला. सरकार मात्र आलं नाही. साथ संपल्यावर दांडा पुन्हा बसवण्यात आला.

महादुर्गंधीच्याच वर्षी, १८५८ च्या जूनमध्ये, स्नो वारला. आपलं खरं ठरलेलं त्यानं बघितलं नाही.

आता पुढची गंमत. नाकात वास गेल्याबरोबर संसदेनं अवघ्या १८ दिवसांत गटारांचा कायदा मंजूर केला! जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअरवर काम सोपवलं. त्यानं नदीला समांतर अशी ८२ मैलांची मोठी विटांची गटारं बांधली. शहराची घाण नदीत पडण्याआधीच वाटेत अडवायची आणि दूर पूर्वेला नेऊन सोडायची, अशी ती योजना. टेम्सच्या काठानं आज लोक ज्या रुंद, झाडं लावलेल्या व्हिक्टोरिया एम्बँकमेंटवरून फिरतात, तो रस्ता म्हणजे त्या गटाराचं झाकण आहे म्हणा ना! त्याच्या पोटातून गटारही जातं आणि भुयारी रेल्वेही.

गटारं बांधली ती वास घालवायला, कारण वासानं रोग होतो ही समजूत. म्हणजे कारण चुकीचं, पण काम बरोबर! १८६६ मध्ये पटकी पुन्हा आली, ती शहराच्या पूर्व भागात, जिथे गटारांचं काम अजून पुरं झालेलं नव्हतं. त्यानंतर लंडनमध्ये अशी साथ आली नाही. बॅझलजेटची गटारं आजही वापरात आहेत. शहर फार वाढल्यामुळे पावसात ती भरून वाहायची आणि घाण पुन्हा नदीत यायची, म्हणून २५ किलोमीटर लांबीचा एक नवा बोगदा नदीखालून काढलाय. तो २०२५ मध्ये पूर्णपणे चालू झाला.

ब्रॉड स्ट्रीटचं नाव आता ब्रॉडविक स्ट्रीट झालंय. तिथे त्या हापशाची प्रतिकृती उभी आहे. तिला दांडा नाही. मुद्दामच.

एकोणीस पायऱ्या

लंडनची भुयारी रेल्वे जगातली पहिली. ती १० जानेवारी १८६३ ला सुरू झाली. तेव्हा विजेचे डबे कुठले? जमिनीखाली चक्क कोळशाची इंजिनं धावायची. धुरानं प्रवाशांचं काय होत असेल ते तुम्हीच ठरवा!

दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, लंडनवर रोज रात्री बॉम्ब पडू लागले, तेव्हा लोकांना वाटलं, स्टेशनात जाऊन झोपावं. सरकार म्हणालं, मुळीच नाही. मग लोकांनी काय केलं? सगळ्यांत स्वस्त तिकीट काढलं, खाली उतरले आणि वर आलेच नाहीत! शेवटी सरकारला नमावं लागलं. फलाटांवर पलंग, चहा, पोरांची अंथरुणं, सगळं आलं.

पण पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीन स्टेशनची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ३ मार्च १९४३ ची रात्र. भोंगा झाला, लोक स्टेशनाकडे निघाले. तेवढ्यात जवळच्या मैदानातून नव्या प्रकारच्या विमानविरोधी तोफांचा मोठा आवाज झाला. बॉम्बच पडला समजून गर्दी धावली. जिना १९ पायऱ्यांचा, ओला, एकच मिणमिणता दिवा, मध्ये धरायला कठडा नाही. पुढची एक बाई अडखळली, तिच्यावर मागचे पडले. काही मिनिटांत १७३ माणसं गुदमरून गेली. त्यात ६२ मुलं होती. त्या रात्री तिथे एकही बॉम्ब पडला नव्हता.

तिथल्या नगरपालिकेनं दोन वर्षं आधीच हे प्रवेशद्वार सुधारायची परवानगी मागितली होती. ती नाकारली गेली होती. चौकशी झाली, पण युद्ध संपेपर्यंत अहवाल दाबून ठेवला आणि आपल्या मुलांना पुरून आलेल्या लोकांना वाटत राहिलं, की चूक आपल्याच गर्दीची. जिन्यांना मधले कठडे लागले ते नंतर. स्टेशनाबाहेर आज एक उलटा लाकडी जिना अधांतरी उभा दिसतो. त्याच्या छताला १७३ छोटी भोकं आहेत आणि त्यांतून उजेड खाली येतो. हे स्मारक २०१७ मध्ये पूर्ण झालं.

सगळ्याच गोष्टी दुरुस्त झाल्यात असं नाही हं. नदीकाठच्या टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यात राजमुकुट ठेवलेत. त्यांतल्या एकात कोहिनूर आहे. १८४९ मध्ये पंजाब घेतल्यावर इंग्रजांनी तो दहा वर्षांच्या दुलीपसिंग महाराजांकडून लिहून घेतला. दहा वर्षांच्या! तुमच्यातले कितीतरी जण त्याहून मोठे असतील. हा हिशेब अजून तसाच आहे.

नदीचं दार

किल्ल्याशेजारचा दोन मनोऱ्यांचा पूल म्हणजे टॉवर ब्रिज. पुष्कळ लोक त्यालाच लंडन ब्रिज समजतात. १९५२ च्या डिसेंबरात या पुलावर एक अजब प्रकार घडला. बस मध्यावर असतानाच पूल उघडायला लागला! अल्बर्ट गंटर या ड्रायव्हरनं ब्रेक न मारता वेग वाढवला आणि दुमजली बस पलीकडच्या भागावर उडवली. सगळे वाचले. बक्षीस मिळालं १० पौंड.

त्याच महिन्याच्या ५ ते ९ तारखेला शहरावर कोळशाच्या धुराचं धुकं बसलं होतं. कंडक्टर बसच्या पुढे दिवा घेऊन चालत होते. एका नाट्यगृहात धुकं आत शिरल्यानं संगीतिका मध्येच थांबवावी लागली. तेव्हा सुमारे ४,००० लोक दगावल्याचा अंदाज होता. पुढच्या अभ्यासांनी तो १२,००० पर्यंत नेला. सरकार आधी इन्फ्लुएंझाला दोष देत बसलं. धुराचा कायदा व्हायला १९५६ उजाडलं.

आणि धुक्यानंतर दोनच महिन्यांत पूर! ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री वादळानं समुद्राचं पाणी उसळून इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यात घुसलं. ३०७ माणसं गेली. लंडन शहर थोडक्यात वाचलं. टेम्स ही भरती-ओहोटीची नदी. शहराच्या मधोमध पाणी दिवसातून दोनदा सात-सात मीटर चढतं-उतरतं. तेव्हा नदीलाच दार लावायचं ठरलं. ठरलं म्हणजे चर्चा सुरू झाली. काम सुरू व्हायला १९७४ लागलं! वूलविचजवळ ५२० मीटर रुंद पात्रात चंदेरी टोपणांचे खांब उभे राहिले. मधली मोठी पोलादी दारं एरवी नदीच्या तळाशी आडवी पडलेली असतात. वरून जहाजं बिनबोभाट जातात. मोठी भरती येणार असं कळलं, की तीन हजार टनांहून जड अशी ती दारं गोल फिरून उभी राहतात. सगळी बंद व्हायला साधारण दीड तास लागतो. १९८२ पासून ती दोनशेहून जास्त वेळा बंद केली गेली आहेत.

१९५७ मध्ये तज्ज्ञांनी ज्या टेम्सला मेलेली नदी म्हटलं होतं, तिच्यात आता सील दिसतात, समुद्रघोडेसुद्धा सापडतात. समुद्राची पातळी मात्र वाढते आहे. ही दारं साधारण २०७० पर्यंत पुरतील, असा इंजिनिअरांचा हिशेब. पुढची व्यवस्था काय आणि कुठे, याची आखणी त्यांनी आत्तापासूनच सुरू केली आहे. वर्षातून एकदा, बहुधा पावसाळी थंडी सुरू होण्याच्या सुमाराला, मोठ्या भरतीच्या दिवशी सगळी दारं उभी करून तपासतात. त्या दिवशी लोक डबे घेऊन, पोराबाळांना खांद्यावर बसवून काठावर येतात. एकीकडे पाणी चढत जातं आणि दुसरीकडे तिथल्या तिथे राहतं.